डायरेक्टर नाही, मग निवाडा कुणाचा?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातले एक वाचक, वय पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी फोंडा आणि मडगाव अशा दोन टीम आळीपाळीने एकमेकांच्या घरी ब्रिजचे सामने खेळतात. दोन खोल्या, दोन टेबलं, दोन्हीकडे तेच बोर्ड, म्हणजे तेच वाटलेले डाव, हिशेब आयएमपीचा, म्हणजे दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकावरून मिळणाऱ्या गुणांचा. डायरेक्टर, म्हणजे निवाडा देणारा पंच, कुणी नाही. गेल्या सामन्यात यांच्या टेबलावर समोरच्या टीमच्या काकांनी एक इस्पिकने बोलीची सुरुवात केली, त्यांच्या पार्टनरने दोन इस्पिक केले, यांच्या बाजूने तीन बदाम आले. काकांनी बराच वेळ विचार केला आणि पास म्हटलं. बोली फिरून पार्टनरकडे आली तेव्हा त्याने तीन इस्पिक केले, म्हणजे इस्पिक हुकूम धरून नऊ हात करायची बोली, आणि ते नऊ झाले. त्याची पानं: इस्पिकची राणी, सत्ती, चव्वी, बदामाची दोन बारीक, चौकटचा राजा, गुलाम आणि आणखी दोन, किलवरची चार बारीक. दुसऱ्या खोलीत तीन बदाम झाले. सामना पाच आयएमपींनी गेला. वाचक तिथेच म्हणाले, “काका, तुम्ही विचार करून पास केलंत, आता यांना बोलता येणार नाही.” काका घरमालक, यांच्या वडिलांचे स्नेही, यांना ब्रिज शिकवणारे. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही लबाडी केली म्हणतोस?” मंडळी चहा न घेताच उठली. तेव्हापासून व्हॉट्सअॅप ग्रुप गप्प आहे. पत्नी म्हणते, पत्त्यांपायी माणसं तोडू नका. वाचक विचारतात: नियम माहीत असून गप्प बसायचं, की ग्रुप सोडायचा?

आधी हिशेब नीट मांडू. तुमच्या टेबलावर तीन इस्पिक झाले, म्हणजे तुमचे १४० गुण गेले. दुसऱ्या खोलीत त्यांनी तीन बदाम केले, तिथेही १४० गेले. एकूण २८०, म्हणजे सात आयएमपी. तुमच्या टेबलावर बोली तीन बदामांवर थांबली असती आणि ते झाले असते, तर बोर्ड बरोबरीत सुटला असता आणि सामना तुम्ही दोनने जिंकला असता. तेव्हा तुमची हळहळ फालतू गोष्टीवरची नाही.

पण टेबलावर तुम्ही जे म्हणालात, तसा नियम नाही. पार्टनरने वेळ घेतला म्हणून दुसऱ्याने तोंड बंद ठेवायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. विचार करणं हा गुन्हा नव्हे. ब्रिजमध्ये विचार करायचा नाही तर काय करायचं? जागतिक ब्रिज फेडरेशनच्या २०१७ च्या नियमांतला सोळावा नियम वेगळं सांगतो. पार्टनरच्या बोलीतून कळलं ते तुमचं. त्याच्या रेंगाळण्यातून, चेहऱ्यातून, सुरातून कळलं त्याचा आधार घ्यायचा नाही. समोर एकाहून जास्त सयुक्तिक पर्याय असतील, तर त्या रेंगाळण्याने जो सुचवला तो घ्यायचा नाही. सयुक्तिक पर्याय एकच असेल, त्या पानांवर कुणीही तीन इस्पिकच केले असते, तर त्याने खुशाल करावेत. पार्टनरने कितीही वेळ घेतलेला असो.

आता पानांकडे बघू. एक इस्पिकने उघडणारा माणूस तीन बदामांवर खोळंबून पास करतो, तेव्हा त्याच्याकडे किमानपेक्षा काही जास्त आहे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं. त्याच्या पार्टनरकडे मोठ्या पानांचे सहा पॉइंट, इस्पिकं तीनच, आणि तीही दोन इस्पिक करताना दाखवून झालेली. इथे पास हा नक्कीच सयुक्तिक पर्याय आहे. माझ्या मते बहुतेक जण पासच करतील. हातात चौथं इस्पिक असतं किंवा बदामाचं एकच पान असतं, तर मी इतकं ठाम बोललो नसतो. म्हणजे निकाल बहुधा तुमच्या बाजूने लागला असता, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भांडण पेटलं ते तुमच्या त्या कारणावरून.

तुमचं वाक्य पुन्हा वाचा. “तुम्ही विचार करून पास केलंत.” बोललात कुणाला? काकांना. ज्यांचं काहीच चुकलेलं नाही, त्यांना. नियम स्पष्ट सांगतो की नकळत खेळाची गती बदलणं हा दोष नाही. प्रश्न होता तो त्यांच्या पार्टनरच्या तीन इस्पिकांचा. त्यातही तो पार्टनर लबाड आहे का, हा प्रश्न नव्हताच. सोळाव्या नियमाला माणसाच्या हेतूशी देणंघेणं नाही. त्याला पार्टनरचा खोळंबा जाणवलासुद्धा नसेल, तरी निकाल तोच लागतो. नियमांच्या प्रास्ताविकातच म्हटलं आहे की ते शिक्षेसाठी नाहीत. काही चुकलं तर ज्यांची चूक नाही त्यांचं नुकसान भरून निघावं यासाठी आहेत. ही गोष्ट तुमच्या ग्रुपमध्ये कधी कुणी मोठ्याने बोललेलं दिसत नाही. त्यामुळे तुम्ही हरकत घेतलीत आणि काकांनी ती आरोप म्हणून ऐकली. ज्यांनी हातात पानं धरायला शिकवलं, त्यांना शिष्यानेच चार माणसांत लबाड ठरवल्यासारखं वाटलं असेल. त्यांचा राग मला समजतो.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी हलकं मानत नाही. आपल्याकडे आज टेबलावर समोर बसलेला माणूस उद्या सकाळी मासळी बाजारात भेटतो, परवा देवळात आणि तेरवा कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. पण “सोडून द्या” या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे: सोडणं हे तुमच्या हातात आहे आणि तो तुमचा मोठेपणा. टीमच्या सामन्यात तसं नसतं. दुसऱ्या खोलीत तुमचे दोन साथीदार त्याच बोर्डावर घाम गाळत असतात. ते सात आयएमपी त्यांचेही आहेत. दहावा नियम सांगतो की चुकीची भरपाई काय हे खेळाडूंनी आपापसांत ठरवायचं नाही, आणि ती परस्पर माफही करायची नाही. डायरेक्टर असेल तर उदारपणासुद्धा त्याच्याकडे मागावा लागतो.

याच नियमाची दुसरी बाजू तुम्हालाही लागू होते. निवाडा देणं काकांचं काम नव्हतं, तसं तुमचंही नव्हतं. तुम्हाला नियम इतरांपेक्षा जास्त माहीत असतील, पण त्या टेबलावर तुम्ही पक्षकार होता. आणि घरमालक म्हणून काकांचा शब्द शेवटचा, ही रीत आली कुठून? चवथीच्या रात्री घरात पत्त्यांचा डाव बसतो, तिथे घरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा, आणि ते योग्यही आहे. आयएमपीचा हिशेब ठेवून दोन गावांच्या टीम खेळायला लागल्या की ती रीत पुरत नाही. सौजन्यावर भार किती टाकायचा, याचा विचार वरच्या पातळीवरच्या खेळाडूंनाही करावा लागला आहे. १९७५ च्या बर्म्युडा बोल या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून अशा स्पर्धांत टेबलावर तिरपा पडदा येऊ लागला. त्यामुळे पार्टनर एकमेकांना दिसतच नाहीत. पडदा सगळ्यांसाठी असतो, म्हणून त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तुमच्या रविवारच्या सामन्यांनाही अशी आधीच ठरलेली, सगळ्यांना सारखी लागू असलेली सोय हवी आहे. पडदा नको, एक माणूस आणि थोडी शिस्त पुरे.

माणूस असा शोधा जो दोन्ही टीमांत नाही, ज्याला नियम वाचायची सवय आहे आणि जो रविवारी संध्याकाळी फोन उचलतो. तो गोव्यातलाच असायला हवा असं नाही. पुण्यात किंवा मुंबईत असलेला तर उलट बरा, त्याला कुणाच्या घरी चहाला जायचं नसतं. एक मुख्य, एक राखीव. हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही कॅप्टननी त्यांची नावं ठरवायची आणि निकाल काहीही आला तरी पाळायचा, हे ग्रुपवर लिहून ठेवायचं. वाद झाल्यावर माणूस शोधायला निघालात, तर प्रत्येक बाजू आपल्या ओळखीचाच शोधेल.

आता टेबलावर काय करायचं. तीन इस्पिक आले की तुम्ही एवढंच म्हणायचं: “तीन बदामांनंतर थोडा वेळ गेला, हे चौघांना मान्य आहे ना? खेळू पुढे.” बस्स. “थोडा वेळ गेला” म्हणा, “काकांनी वेळ लावला” नको. निवाडा मागू नका, नियमाचा आकडा सांगू नका. सोळावा नियमच ही सोय देतो: नंतर डायरेक्टरला बोलावण्याचा हक्क राखून ठेवतो, असं तिथल्या तिथे सांगता येतं, आणि वेळ गेलाच नाही असं समोरच्यांचं म्हणणं असेल तर त्यांनी लगेच डायरेक्टर बोलवावा. तुमच्याकडे अशा वेळी त्या माणसाला फोन लावायचा. नाही लागला तर स्कोअरच्या कागदामागे दोन्ही बाजूंचं म्हणणं एकेका ओळीत लिहा. पुढे होणारी निम्मी भांडणं वेळ गेला की नाही यावरच होतात, आणि ती तासाभराने सुटत नाहीत. तेव्हा प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवत असतं.

मग बोर्ड पूर्ण खेळा. सगळी पानं दिसल्यावर तुम्हाला वाटलं की पास हा पर्याय होता आणि तुमचं नुकसान झालं, तर म्हणा, “हा बोर्ड विचारायचा आहे.” झालेला स्कोअर लिहा, बाजूला खूण करा, पुढचा बोर्ड घ्या. इथे एक गोष्ट फार जपा. तोच बोर्ड दुसऱ्या खोलीत जायचा असतो, आणि आपल्या घरांत दोन खोल्यांमधलं दार उघडंच असतं. “राणी तिसरी असताना तीन इस्पिक कसे करता?” असं वाक्य पलीकडे ऐकू गेलं तर तो बोर्डच बाद होण्याची पाळी येते. वाद घालायचाच असेल तर तो बोर्ड दोन्हीकडे खेळून झाल्याशिवाय नको.

सामना संपल्यावर दोन्ही कॅप्टननी मिळून मजकूर तयार करायचा. त्यात नावं नकोत. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम पुरे. बोली कशी गेली, कोणाची बाजू व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेली) होती, वेळ कुठे गेला, तो सगळ्यांना मान्य आहे की नाही, चौघांची पानं आणि निकाल, एवढंच. “स्पष्टच आहे की” किंवा “नेहमीप्रमाणे” असे शब्द दिसले तर खोडा. दोघांनी वाचून मान्य केल्यावरच पाठवा. तुम्ही एकट्याने कळवलेलं प्रकरण कितीही खरं असलं, तरी समोरच्याला ते चुगली वाटतं.

निवाडा करणाऱ्यालाही एक पद्धत सांगून ठेवा, डायरेक्टर मंडळी ती नेहमी वापरतात. तुमच्याच तोडीच्या तीन-चार खेळाडूंना फक्त तीन इस्पिक करणाऱ्याची पानं आणि तोवरची बोली द्यायची, वेळ गेल्याचं सांगायचं नाही, आणि विचारायचं: “काय बोलाल? आणि आणखी कशाचा विचार कराल?” पासचा गंभीरपणे विचार बऱ्याच जणांनी केला आणि त्यांतल्या काहींनी पास केलंही, तर तो सयुक्तिक पर्याय ठरतो. या पद्धतीचं मोठं सुख असं की उत्तर मग कुणा एका माणसाचं राहत नाही. काका चूक ठरत नाहीत, तुम्ही बरोबर ठरत नाही.

मुदतही ठरवा. नियमपुस्तक निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं देतं. घरच्या सामन्यात मी म्हणेन, घर सोडण्यापूर्वी काय ते सांगायचं. रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलेली हरकत चालणार नाही.

सगळेच वाद असे दुसऱ्याकडे पाठवायची गरज नाही. काही नियम यांत्रिक असतात. त्यांत मत लागत नाही, वाचायला लागतं. नियमांची पीडीएफ जागतिक फेडरेशनच्या संकेतस्थळावर फुकट मिळते; छापून, बांधून टेबलाजवळ ठेवा. मोबाइलवर नको, कारण मोबाइल एकाच्या हातात असतो आणि तो काय वाचतोय ते बाकीच्यांना दिसत नाही. आठवणीतून नियम सांगायला सगळ्यांनाच मनाई करा, सगळ्यांत आधी स्वतःला. कारण आठवण किती अपुरी असते ते बघा. दक्षिण डिक्लेअरर, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणारा, आहे, उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी, पश्चिमेची, आणि पूर्वेने चुकून बदामाची राणी उघडी टाकली. तुमच्या टेबलावर काय होतं? कुणीतरी म्हणतं “उचल, उचल”, आणि खेळ पुढे जातो. प्रत्यक्षात दक्षिणेला पाच पर्याय आहेत. ती उतारी मान्य करून डमी, म्हणजे पार्टनरची पानं, उघडी मांडायला सांगायचं आणि दुसरं पान आपल्या हातातून खेळायचं. किंवा आपलीच पानं मांडून स्वतः डमी व्हायचं आणि पार्टनरला खेळू द्यायचं. किंवा उतारी नाकारायची. मग पश्चिमेला बदामच उतरायला लावता येतं, किंवा बदाम उतरायला बंदी करता येते, आणि या दोन्ही वेळी पूर्व ती राणी उचलते. नाहीतर पश्चिमेला हवं ते उतरू द्यायचं आणि राणी दंडाचं पान म्हणून टेबलावर उघडी ठेवायची. पाचही पर्याय मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय दक्षिणेने काही निवडायचं नाही. आणि पहिली उतारी पालथी टाकायची सवय लावलीत तर हा प्रसंगच येणार नाही. पालथं पान उचलता येतं. नियमपुस्तकाची अपेक्षाही तीच आहे.

रंग असून न देण्याचं, म्हणजे रिव्होकचं, तसंच. “दोन हात दंड” हे जुनं वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. चौसष्टावा नियम असा आहे: रिव्होक पक्का झाल्यावर, चुकणाऱ्या खेळाडूने तो हात स्वतः जिंकला असेल तर तो जातो, आणि त्याच्या बाजूने नंतर जिंकलेला आणखी एक हात जातो, असल्यास. त्याने स्वतः जिंकला नसेल, पण त्याच्या बाजूने तो किंवा नंतरचा एखादा हात केला असेल, तर एकच जातो. त्या हातापासून पुढे त्यांनी काहीच केलं नसेल तर काही जात नाही. एवढ्याने नुकसान भरून निघत नसेल तर मात्र वरचा फोन. हे सगळं तपासायला खेळलेली पानं क्रमाने समोर असायला लागतात, म्हणून किती हात झाले यावर चौघांचं एकमत होईपर्यंत कुणीही पानं गोळा करू नयेत.

“बाकीचे हात माझे” असा दावा करून पानं टाकणाऱ्याने कसे ते सांगावं, आणि बाहेर हुकूम उरला असेल तर तो कसा काढणार हेही. दावा झाला की खेळ थांबतो. समोरच्यांनी मागितलं आणि चौघांना मान्य असेल तरच पुढे खेळता येतं, आणि मग तो दावा रद्द समजतात. नाहीतर पानं तशीच ठेवून विचारायचं. शंकेचा भाग दावा करणाऱ्याच्या विरोधात जातो.

ग्रुपला हे काहीच नको असेल तर? तीही वाट वाईट नाही, पण ती उघडपणे घ्यावी लागेल: हिशेब नको, टीम नकोत, चार घटका करमणूक. मी तुमच्या जागी असतो तर आधी शिस्तीची वाट मांडून पाहिली असती, कारण आठ माणसं भर पावसात फोंडा-मडगाव करून खेळायला येतात, याचा अर्थ त्यांना हा खेळ मनापासून हवा आहे. अशी माणसं पुन्हा जमवणं सोपं नाही. ग्रुप सोडू नका.

गेल्या रविवारचा निकाल आता बदलून मागू नका. ठरलेली पद्धत नव्हती आणि वेळ निघून गेली आहे. त्या बोर्डावर मत मिळवून काकांना दाखवायलाही जाऊ नका, ते मत तुमच्या बाजूचं असेल तर मुळीच नको. एकटे जा, पुढच्या सामन्याच्या दिवशी नाही, अधल्या मधल्या वारी. सांगा की तुमचं विचार करणं चूक नव्हतं आणि मी बोललो ते तुम्हाला उद्देशून बोलायला नको होतं. त्यांनी तीन इस्पिकांची बाजू मांडली तर ऐकून घ्या, तिथे प्रतिवाद नको. मग बाहेरच्या माणसाची कल्पना मांडा आणि त्यांच्याकडेच तीन-चार नावं मागा. इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला गोव्याबाहेरचे चांगले खेळाडू माहीत असणार. नावं त्यांनी सुचवावीत, त्यांतून दोन तुमच्या टीमने निवडावीत, आणि पहिला फोन करायचा मान काकांना द्यावा.